चहाच्या आधीचं

त्र्यंबक नाक्यावर सायकलवरून एक पाय खाली टेकवून जयराम उभा होता. पुढं कुणाचा तरी ट्रॅक्टर आडवा लागलेला, आणि मागं कुठंतरी भोंगा बोलत होता. निवडणुकीचे दिवस. दिवसभर भोंगेच बोलायचे, माणसं गप्प. त्यानं लक्ष दिलं नाही. सातपूरहून पहिली पाळी करून निघालं की तासभर तरी मशीन कानात चालूच राहते, बाकीचं सगळं कापसातून आल्यासारखं मऊ ऐकू येतं. पण या भोंग्यातल्या पोराचं काहीतरी त्याला खटकलं. जरा जास्तच ठासून बोलत होता. वाक्य संपलं की थांबायचा, टाळीची वाट बघितल्यासारखा. नवशिका आहे, जयरामच्या मनात आलं, कुणीतरी डोक्यावर चढवून ठेवलाय. मग तो पोरगा म्हणाला, "माझ्याच घरातलं सांगतो," आणि पुढचं वाक्य जयरामला भोंग्याच्या आधी कळलं. "माझा बाप माझ्या आईला मारायचा. मारून त्याला काही मिळत नव्हतं तरी मारायचा. उद्या घर तिच्या नावावर करा. मग मारून सही मिळेल!" आणि खरंच टाळ्या. चारपाच जणांच्या, खोलीत वाजलेल्या, भोंग्यातून पत्र्यावर वाळू पडावी तशा. ट्रॅक्टर हलला तशी जीप त्याच्या कोपराला घासून पुढं गेली. तिच्या टपावरचा माणूस माईक तोंडाशी धरून म्हणत होता, "ऐका भावांनो, ऐका मायबहिणींनो, हे आम्ही नाही म्हणत, हे तुमच्याच नासर्डीकाठच्या वस्तीतला शिकलेला पोरगा म्हणतो!" मागचा रिक्षावाला ओरडला, "ए हिरो, सायकलला चावी द्यायची राहिली का?" जयरामला पायडल सापडेना.

आपला आवाज आपल्याला आवडत नाही हे त्याला त्या क्षणी कळलं, आणि हे असं रस्त्यात कळायला नको होतं. हा कोण पोरगा? त्याच्या तोंडात इतका माज कुठून आला? बोलताना तर त्याला आपण फार साधं, तोलून, मापून बोलतोय असंच वाटत आलेलं. तोलून हा तर त्याचा लाडका शब्द. आठवीत शाळा सुटली तेव्हापासून सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून त्यानं जे काही डोक्यात भरलं होतं, त्याचं सगळं सार त्याच्या लेखी या एका शब्दात होतं. वस्तीतली पोरं या नाहीतर त्या झेंड्याखाली जायची, झेंडा फाटला की दुसऱ्याखाली. जयराम कुणाकडंच गेला नाही. कुठल्याच पक्षाची पावती त्याच्या खिशात नव्हती आणि याचा त्याला अभिमान होता, जरा जास्तच. सुधारणेची कुठलीही गोष्ट कुणी मांडली, की ती कुणी मांडली हे विसरायचं, आपल्या फायद्याची आहे का हेही विसरायचं, आणि नुसती ती गोष्ट हातात घेऊन वजन करायचं. असं करणारा माणूस वस्तीत एकटा पडतो. म्हणूनच तर रविवारचं मंडळ त्याला सापडलं तेव्हा त्याला घर सापडल्यासारखं झालं होतं.

मंडळ भरायचं गंगापूर रोडला रंगनाथ वकिलांच्या माडीवर. वकील चाळिशीचे, खादीचा सदरा, सायखेड्याला गोदावरीच्या काठची काळी जमीन, आणि बोलणं असं की समोरच्याला आपण शहाणे झालो असं वाटावं. सगळे त्यांना दादा म्हणायचे. कॉलेजची पोरं, दोन मास्तर, एक बँकेतला, आणि जयराम. मंडळाची एक रीत होती, दादांनीच घातलेली. कुठलाही ठराव आधी उलटा करून बघायचा. दर रविवारी एकाला नेमायचं. त्यानं आधी ठरावाच्या विरुद्ध बोलायचं, मनापासून, हातचं न राखता, जणू तो ठराव पास झाला तर आपलं घर बुडणार आहे. मग चहा. आणि चहानंतर त्याच माणसानं उठून स्वतःच स्वतःला खोडून काढायचं. आधी वाकडं, मग चहा, मग सरळ. यातून जे वाचेल ते खरं, दादा म्हणायचे. जयरामला ही रीत इतकी आवडली होती की पाळीवर मशीन चालवता चालवता तो मनातल्या मनात वाकडं-सरळ खेळत बसायचा. निवडून दिलेल्याला मधेच परत बोलवायचा हक्क असावा का? आधी वाकडं. उमेदवाराचा खर्च सरकारनं करावा का? आधी वाकडं. कधीकधी तर त्याला वाकडंच जास्त सुचायचं, आणि सरळ बोलताना आपल्याच विरोधाला आपण पुरे पडत नाही अशी धास्ती वाटायची. त्यात एक मजा होती. दोन्ही पारडी आपल्याच हातात.

आणि महिन्याभरापूर्वी तो ठराव आला. या निवडणुकीत उभ्या राहणाऱ्या सगळ्यांपुढं मंडळ काही मागण्या ठेवणार होतं, त्यातली ही एक: घर असो की शेत, कागदावर पुरुषाच्या जोडीला घरातल्या बाईचं, बायको असो की आई, नाव लागलंच पाहिजे, त्याशिवाय कागद पक्का धरायचा नाही. दादांनी सगळ्यांकडं बघितलं आणि नेहमीसारखं हसून म्हणाले, "याला जयराम. हे पेलणारा दुसरा नाही आपल्यात." वस्तीत तेव्हा मोजणीची कुणकुण लागलेली. नगरपालिकेची माणसं येणार, झोपड्या मोजणार, ज्याच्या नावावर लिहितील त्याचं घर. जयरामचा बाप पुंजाराम मेलेला. घरात दोघंच, आई नवसाबाई आणि तो. नाव त्याचं लागणार हे कुणी बोललंही नव्हतं, इतकं ते ठरलेलं होतं. म्हणजे स्वतःच्या फायद्याविरुद्ध वजन करायची ही खरी परीक्षा. तो आठवडाभर झोपला नाही नीट. आणि वाकडं बोलायला उठला तेव्हा पुस्तकातलं सगळं बाजूला पडून त्याच्या तोंडून एकदम आईच आली. आई, बाप, मार. खोलीत अशी शांतता झाली की खालच्या रस्त्यावरची सायकलची घंटी ऐकू आली. त्या शांततेची त्याला झिंग आली, हेही खरं.

पण सरळ! सरळ तर त्याहून चांगलं झालं होतं. चहानंतर तो उठला आणि म्हणाला की आता मी मघाच्या पोराला उत्तर देतो. म्हणाला, बाप मारायचा, आणि मारून झालं की आईला भर थंडीत बाहेर काढून आतून कडी लावायचा. नाशिकची थंडी तुम्हाला ठाऊक आहे, ती गंगापूर रोडला वेगळी असते आणि नासर्डीच्या काठाला वेगळी. घर त्याचं म्हणून कडी त्याची. कागदावर हिचं नाव असतं तर मार थांबला असता असं मी म्हणत नाही. पण कडी हिच्या हातात असती. मार खाऊन का होईना, बाईला आपल्या घरात आडवं होता आलं असतं. मघाचा पोरगा म्हणतो सहीसाठी मारतील. मारतील. ज्याच्याकडं काहीतरी असतं त्यालाच लुटतात, म्हणून काय माणसानं भिकारी राहायचं? एवढं बोलून तो बसला होता. ठराव एकमतानं पास झाला होता. एक निवृत्त मास्तर अपक्ष उभे होते, त्यांनी सगळ्या मागण्या मान्य केल्या, वस्तीत त्यांच्यासाठी पोरं फिरायला लागली, सगळ्यांत पुढं सावळीराम, जयरामचा लहानपणापासूनचा दोस्त. सगळं कसं सरळ. आणि आज चहाच्या आधीचा जयराम दुसऱ्याच उमेदवाराच्या जीपवर बसून गावभर हिंडत होता.

सायकल आपोआप गंगापूर रोडला वळली होती. टेपरेकॉर्डर दादांचाच. मंडळात कोपऱ्यातल्या स्टुलावर असायचा, विचार जपून ठेवले पाहिजेत म्हणायचे. खोडसाळपणा कुणीतरी केला असणार, बँकेतल्यानं, नाहीतर कॉलेजच्या त्या गोऱ्या पोरानं. दादांना कळलं की ते भडकतील. आत्ता फोन करतील. चहानंतरचं त्यांच्याकडं असेलच; तेही मास्तरांच्या रिक्षावर लावता येईल, दिवस मावळायच्या आत. चढावर त्याला घाम फुटला होता आणि मनात तो दादांचं रागावलेलं तोंड रंगवत होता, बारीकसारीक, कपाळावरच्या शिरेसकट, जसं तहानलेला माणूस पाणी रंगवतो.

दादा ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते. "ये, ये, जयराम. चप्पल राहू दे." त्यांना आश्चर्य वाटलं नाही. हे पहिलं टोचलं.

"दादा, ती जीप…"

"ऐकलं मी. बस आधी. पाणी घे. चांगुणा, पाणी आण गं!"

"कुणी दिली त्यांना टेप?"

"मागितली, नेली. मी वकील माणूस, माझ्याकडं सगळ्या पक्षाचे येतात. मंडळाची चर्चा काय चोरून चालते का? आपण मोकळे लोक."

"पण अर्धीच लावलीय."

दादांनी वर्तमानपत्राची घडी घातली, नीट, कोपऱ्याला कोपरा लावून. "अर्ध्यात खोटं काय आहे? तू खोटं बोललास का त्या दिवशी?"

"नाही."

"मग झालं. तुझा मुद्दा बिनतोड होता. खरं सांगू? मला तोच पटला."

"उरलेलं द्या मला. चहानंतरचं. मी मास्तरांच्या लोकांना देतो."

"ते कुठं आहे?" दादा खरोखरच गोंधळल्यासारखे त्याच्याकडं बघत होते. "अरे, चहा आला की मशीन बंद करतो आपण."

आपण. जयरामला तो खटका आठवला. चहाचा ट्रे जिन्यावर वाजायचा आणि कोपऱ्यात खट् असं व्हायचं. कितीतरी रविवार. त्याला वाटायचं कपबशांचा आवाज नको म्हणून बंद करतात. नंतर पुन्हा खट् व्हायला पाहिजे होतं. ते कधी झालं नव्हतं, आणि त्याच्या कधी लक्षातही आलं नव्हतं, कारण तेव्हा तो मनात सरळ जुळवत असायचा. आता एकेक रविवार उलटा चालत आला. जादा जमिनी काढून भूमिहीनांना वाटायच्या, वाकडं कुणाला? जयरामला. वसतिगृहातल्या जागा, जयरामला. गावच्या सामायिक जमिनीवर वस्त्या, जयरामला. आणि दारूबंदी, ती बँकेतल्याला. शाळेत लैंगिक शिक्षण, ते गोऱ्या पोराला. हे दिसलं नव्हतं असं नाही. दिसलं होतं. पण त्यानं ते मानाचं म्हणून घेतलं होतं. अवघड ते आपल्याला, असं. "बाजूनं बोलायला दहा जण आहेत रे," दादा समजावत होते, आवाज मऊ, तोच, माणसाला शहाणं करणारा. "ते आम्हीही बोलतो. पण तुझ्या तोंडचा विरोध, त्याला वजन आहे. आम्ही बोललो तर लोक म्हणतील, जमीनवाले आहेत, बोलणारच. तू स्वतंत्र माणूस."

तेवढ्यात आतून दादांची बहीण पाण्याचा तांब्या घेऊन आली. चांगुणाताई, निफाडकडं दिलेल्या. दिवाळीत कधी मंडळाला चिवडा द्यायच्या. वाळल्या होत्या. तांब्या ठेवून त्या तिथंच उभ्या राहिल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. "जयरामभाऊ, तुमचंच ना ते भाषण? दादानं घरी लावलेलं आम्हा बहिणींना. आई पण होती." दादा म्हणाले, "चांगुणा, आत जा, दूध बघ." "जाते. भाऊंना एवढंच सांगते. लई पटलं मला. बाईच्या नावानं काही असलं की तिलाच मारून सही घेतात, म्हणालात ना. आमचे हे तेच करत होते. सायखेड्याचा वाटा आण, वाटा आण. मी म्हटलं, हा परका माणूस बोलला ते खरं आहे, नकोच ते. त्याच आठवड्यात हक्कसोड करून दिलं दादाला. धाकटीनंही दिलं."

जयरामनं विचारलं, "मग… आता मारत नाहीत?"

"नाही." चांगुणाताई जरा विचार करून म्हणाल्या. "आता बोलतच नाहीत. इथंच आणून सोडलंय."

दादांनी घडी घातलेलं वर्तमानपत्र पुन्हा उघडलं होतं.

उतारावर त्यानं ब्रेक दाबला नाही. अशोक स्तंभ, मेन रोडची गर्दी, सगळं अंगावर येत होतं आणि बाजूला होत होतं. शिवी सुचायला पाहिजे होती, सुचत नव्हती. राग येण्यासाठी माणूस खोटा पडायला लागतो, आणि दादा खोटे कुठं पडले? एक शब्द त्यांनी बदलला नव्हता. त्याचेच शब्द, त्याच्याच आवाजात, त्याच क्रमानं. फक्त ट्रे वाजला की खट्. बरं, तो मुद्दा तरी चुकीचा होता का? चांगुणाताईंना मारत होतेच. त्यांच्यापुरतं त्याचं वाकडं खरं ठरलं होतं, आणि सरळ त्यांनी ऐकलंच नव्हतं. ऐकलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या? ज्याच्याकडं असतं त्यालाच लुटतात, म्हणून काय भिकारी राहायचं? हे वाक्य त्या माडीवर किती छान वाजलं होतं. ओसरीवर, त्या वाळलेल्या बाईपुढं, ते त्याच्या तोंडातून निघालं नव्हतं. तो नुसता विचारून आला होता, आता मारत नाहीत? चौकशीला गेल्यासारखा. आपण वजन करतो म्हणजे काय करतो? दोन्ही पारडी आपल्या हातात, ठीक, पण पारड्यात टाकतो ते कुणाचं? आई. टाकली, उचलली, दुसऱ्या पारड्यात टाकली. चहा घेतला. लोक वाहवा म्हणाले. भद्रकालीजवळ त्याला पुन्हा तोच भोंगा ऐकू आला, दुसऱ्या रस्त्यावरून, अर्धवट, "…तरी मारायचा…" आणि एक पानवाला गिऱ्हाईकाला म्हणाला, "च्यायला, पोरगं बोलतंय बाकी भारी." जयराम उतरला आणि सायकल हातात धरून चालायला लागला. वस्तीत जीप आधीच जाऊन आली असणार. हे त्याला आत्ता सुचलं. तो दादांकडं गेला होता. घरी नाही.

विहाराच्या ओट्यापाशी माणसं जमलेली. ऊन अजून होतं. तो येताना दिसला तशी बोलणी तुटली, आणि सावळीराम पुढं येऊन त्याच्या सायकलचं हँडल धरून त्याला बाजूला घेऊन गेला. "सकाळपासून तीन फेऱ्या मारल्या भडव्यांनी. बायका तर म्हणायला लागल्या, पोराला घर सोताच्या नावावर पायजे म्हणून बोलला. मास्तरांचं काम संपलं आपल्या वस्तीतून."

"सावळ्या, तो मीच. पण ते अर्धं…"

"मला माहितीये रे तुझं अर्धं न् पाव. ऐक माझं. तू फक्त उभा रहा न् म्हण, आवाज माझा नाय. नकलाकार आणलाय त्यांनी. बास. बाकी मी बघतो."

"पण आवाज माझाच आहे."

"मग काय झालं? त्यांनी लबाडी केली, आपण एक केली. फिट्टंफाट. तुला ठराव पायजे का नको? बायकांचं नाव लागावं का नको? का अजून वजनच करतोय?"

आणि जयराम खरोखर वजन करत होता. समोर माणसं उभी, आणि त्याच्या डोक्यात ती जुनी मशीन चालू झालेली. त्यांचं अर्धं खरं एका बाजूला, आपलं अख्खं खोटं दुसऱ्या बाजूला. खोट्यानं चांगली गोष्ट उभी राहते का? आधी वाकडं. त्याला स्वतःची किळस आली. म्हणून टाकावं. एक वाक्य. सगळ्यांना ते हवंच होतं; त्यांची तोंडंच सांगत होती, तू नुसता म्हण, आम्ही विश्वास ठेवायला तयार बसलोय. शेजारची विमलाबाई तर म्हणालीही, "मला वाटलंच, जया असं आईचं चव्हाट्यावर मांडायचा नाय." तो ओट्याची एक पायरी चढला. म्हणाला, "तो आवाज…"

"त्याचाच हाय."

नवसाबाई मागं उभी होती. विड्या वळताना उठून आलेली, बोटांना तंबाखूची पूड, कमरेला पदर खोचलेला. तिला वाट कुणी करून दिली नाही, ती जागेवरूनच बोलली. "माझ्या पोराचा आवाज मला कुणी शिकवायचा? त्याचाच हाय."

"नवसामावशी, तू थांब जरा," सावळीराम म्हणाला, "हे राजकारण हाय."

"असंल. मार बी खराच हाय मग." ती कुणा एकाकडं बघत नव्हती. "आन् आज भोंग्यातून ऐकल्यावानी काय करतायसा रे समदे? तवा भोंगा नव्हता, तरी ऐकू जात व्हतंच की. भिंती काय दगडाच्या व्हत्या का? कुणी दार उघडलं नाय." विमलाबाईनं खाली बघितलं. नवसाबाईनं बोटं पदराला पुसली आणि ती आली तशी घराकडं गेली. माणसं हळूहळू पांगली. सावळीराम शेवटपर्यंत थांबला. मग म्हणाला, "दोन्हीकडनं खड्ड्यात घातलं तू आम्हाला, जया," आणि तोही गेला.

घरात ती भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर सूप, बाबासाहेबांच्या फोटोखाली तिची नेहमीची जागा. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा. हात थांबले नाहीत. जयराम उंबऱ्यातच बसला. त्याला वाटत होतं की आता हिलाच सांगावं. ज्या एका माणसानं ते ऐकायला पाहिजे होतं ते माणूस हे. बाकीचं जग गेलं उडत. त्यानं सांगितलं. दादांचं, चांगुणाताईंचं, ट्रेचं, आणि मग चहानंतरचं सगळं भाषण, सुरुवातीपासून. आठवत आठवत. चहाच्या आधीचं आज रस्ताभर ऐकून पाठ झालं होतं, हे मात्र अडखळत होतं, वाक्यं मागंपुढं होत होती, माडीवरची ती चमक कुठंतरी सांडली होती. मग तो कडीपाशी आला. "म्हणून मी म्हणालो, कागदावर हिचं नाव असतं तर कडी हिच्या हातात असती."

नवसाबाईनं विडी वळून पुरी केली. नखानं तिचं तोंड दाबलं. "ह्ये चांगलं बोलला तू," ती म्हणाली.

त्याला रडू येईल असं वाटलं.

"कडीचं तुला ठावं व्हतं?"

"हो. मी जागा असायचो."

"मला वाटायचं झोपलाय. बरं वाटायचं." तिनं दुसरं पान घेतलं. "तवा तुझा हात पुरत नव्हता कडीला."

"नव्हता."

"मागनं पुरला."

बाहेर कुणाचं तरी पोर पाढे म्हणत होतं. बाप मेला तेव्हा जयराम सतरा वर्षांचा होता. कडी त्याच्या खांद्याला लागायची. त्याला सांगायचं होतं की बाप आडवा झोपायचा, दारालाच, की त्याला भीती वाटायची, की… आणि त्याला ऐकू आलं की आपण मनात वाक्यं जुळवतोय. एकाला एक. सरळ. त्यानं थांबवलं ते. थांबवल्यावर आत काहीच राहिलं नाही, नुसता कारखाना सुटल्यावरचा तो कानातला आवाज. "तू त्या मानसांला सांगितलं," आई म्हणाली, आवाजात राग नव्हता, दोरा गुंडाळता गुंडाळता, "वाईट बी सांगितलं, चांगलं बी सांगितलं. चहाच्या आधी न् चहाच्या मागनं. मला इचारायचं ना येकदा, आई, हे तुझं हाय, घिऊ का. त्या वकिलाला तू दादा म्हनतो. त्यानं तुझं घेतलं, तुला केवढं लागलं. सायकल दामटत गेला. मी हितंच बसलेली व्हती."

"चुकलं," तो म्हणाला. तिनं ऐकलं की नाही कळलं नाही.

मतदान झालं. मास्तर पडले, आपटून पडले. वस्तीतून मिळायची तीही मतं मिळाली नाहीत. पडले असतेच, भोंगा नसता तरी, असं सावळीराम पुढं कुणाकुणाला सांगायचा, पण जयरामला नाही. मंडळाचा रविवार आला आणि गेला. दादांनी एका पोराबरोबर निरोप पाठवला: रागावू नकोस, तुझ्याशिवाय चर्चेला मजा नाही, या वेळचा विषय तुझ्या आवडीचा आहे. जयराम त्या पोराशी बराच वेळ हवापाण्याच्या गप्पा मारत उभा राहिला आणि उत्तर द्यायचं विसरल्यासारखं करून आत गेला. पाळीवर तो मशीन चालवायचा, डोक्यात काहीतरी सुरू व्हायला लागलं की हातातल्या कामाकडं बघायचा. घरी दोघं बोलायचे: भाजी काय, रॉकेल आलं का, पाळी कुठली. आई तुटक नव्हती. जेवायला वाढायची, पाठीला तेल लाव म्हणायची. पण सगळ्यांपुढं तिनं नवऱ्याचा मार कबूल केला होता, आणि त्यानंतर ती कुणाच्या तरी घरातून जरा मोठ्या घरात राहायला गेल्यासारखी वागत होती, आणि तो अजून जुन्याच घरात होता.

मोजणीची माणसं आली ती अशाच एका दुपारी. दोघं जण मोजायची टेप धरणारे, एक लिहिणारा, चष्मा नाकावर उतरलेला. जयरामची त्या दिवशी सुट्टी होती. टेप दाराच्या चौकटीला लावली, आतल्या भिंतीपर्यंत ओढली, सोडली. "घर कुणाचं?" लिहिणाऱ्यानं जयरामकडं बघत विचारलं, पेन तयार. जयरामनं तोंड उघडलं. त्यानं ठरवलं होतं, कितीतरी दिवस, की हे आपणच म्हणायचं, आईच्या नावावर लिहा, मोठ्यानं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं. तो म्हणणार तेवढ्यात आतून आईच आली आणि मधे उभी राहिली.

"माझं. नवसाबाई लिवा."

"आजी, जोडीला मुलाचं टाकू ना?"

"नको. येकटीचं."

"नवऱ्याचं नाव?"

"त्ये लागतं का?"

"लागतं."

"मेला," ती म्हणाली. मग नाव सांगितलं. लिहिणाऱ्यानं लिहिलं, जयरामकडं एकदा बघितलं, हरकत येते का म्हणून. जयरामनं मान हलवली, होकाराची. ती कुणी बघितली नाही, कारण लिहिणारा पुन्हा कागदाकडं वळला होता. "घरात आणखी कोण राहतं?"

नवसाबाईनं दाराला टेकून उभ्या असलेल्या जयरामकडं बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं, जसं कुणी ओळखीचं माणूस बाजारात दिसल्यावर नाव आठवत असावं.

"येक पोरगा हाय," ती म्हणाली. "बोलाया भायेर जातो."